वेशीच्या आतल्या चुली

महिपती चौतीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर उभा होता. निवृत्त झाल्यावर गेट मागे राहिलं, उभं राहणं मात्र त्याच्याबरोबर घरी आलं. लग्नाला गेला तर तो मांडवात बसायचा नाही, दारातच उभा राहायचा. पाहुण्याला "या, बसा" म्हणायच्या आधी त्याच्या हातातल्या पिशवीवर नजर टाकायचा. सकाळी दुधाची पिशवी आली की उलटसुलट करून तारीख वाचायचा आणि मगच तिला आत सोडायचा.

"अवो, दूध हाय ते," वेणूबाई म्हणायची. वेणूबाई म्हणजे त्याची बायको. "कामावर नाय आलंय."

अशा माणसाच्या वाट्याला देवही तसाच आला होता. कात्रपच्या पुढं, जिथं टॉवर संपता संपत नाहीत, तिथं हेदपाडा आहे. म्हणजे होता, आता त्या नावाचा फक्त रिक्षास्टँड आहे. पण हेदाचं जुनं झाड आहे, आणि झाडाखाली शेंदूर लावलेला हातभर उंचीचा दगड आहे. तो हेदपाड्याचा राखणदार. एका बाजूला टॉवरच्या पार्किंगचा रॅम्प, दुसऱ्या बाजूला विजेचा डबा, आणि मधे देव. रॅम्प सरळ जायचा होता, तो तिथं जरा वाकून गेला आहे. दगड हलवायला बिल्डरला मजूरच मिळाले नाहीत.

राखणदाराचं काम एकच: वेशीवरून फिरायचं आणि आतल्यांना सांभाळायचं. नेसूला पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी. नाल्याच्या काठानं निघायचं, खडकाला वळसा घालायचा, जुन्या विहिरीवरून परत झाडाशी. महिपतीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण ड्यूटीवरचा माणूस दिसलाच पाहिजे असं काही नसतं, हे त्याला नोकरीत कळलेलं होतं. पौषात पहाटेचं धुकं उल्हास नदीवरून सरकत यायचं, चंदेरीचा डोंगर दुधात बुडवून ठेवल्यासारखा अर्धाच दिसायचा, आणि अशा वेळी रॅम्पवर कुणाच्या सायकलची घंटी किणकिणली तरी महिपती आपसूक ताठ व्हायचा. साहेब राउंडवर आलेत म्हटल्यावर होतो तसा.

पौषातल्या दुसऱ्या मंगळवारी पाड्याची राखण असते. वेशीच्या आतल्या प्रत्येक चुलीवरून एक मूठ तांदूळ घ्यायचा, सगळा एका टोपात शिजवायचा, पहिला घास राखणदाराला आणि मग गावाला. त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, आणि गाऱ्हाण्याचा मान महिपतीच्या घराण्याचा. शब्द ठरलेले होते. "बा राखणदारा, मी अमक्याच्या चुलीचा अमका, गावाच्या वतीनं उभा हाय. वेशीच्या आत जितक्या चुली पेटतात, तितक्यांची मूठ तुझ्यापुढं हाय. एक कमी असंल तर मला धर. पुरी असंल तर गाव धर."

मूठ पुरी नसली तर वर्षभर वेस उघडी, असा नियम. महिपतीच्या आजाच्या काळात बांधाच्या भांडणावरून एका घराची मूठ घेतली नव्हती. त्या वर्षी बारवीच्या रानातून बिबट्या आला. त्यानं त्या घराची शेळी नेली, आणि शेजारच्या तीन घरांच्याही नेल्या. भांडण कुणाचं होतं हे बिबट्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

यंदाच्या राखणीची मीटिंग सदूनं बोलावली. सदू पाड्याचा कार्यकर्ता; तो प्रत्यक्षात कमी आणि बॅनरवर जास्त दिसायचा.

"दादा," सदू म्हणाला, "आपली बत्तीस घरं. चारी बाजूनं बाहेरची पब्लिक येऊन बसलीय. उद्या म्हणतील देव पण आमचा. रक्षण केलं पाहिजे का नाय?"

रक्षण हा शब्द महिपतीच्या कानात शिट्टीसारखा वाजायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं झाडाभोवती नायलॉनची दोरी बांधली, प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसला. बसला म्हणजे टेकला. पाठ खुर्चीला लागू दिली नाही. कुणी जवळ आलं की विचारायचा, "कुणाकडं?"

हा प्रश्न देवळात कुणी कुणाला विचारत नाही, त्यामुळं माणसं गोंधळायची. एक तरुण जोडपं सेल्फी न काढताच परत गेलं. दिवसभरात तिघे आपण चुकून कुणाच्या खासगी जागेत आलो म्हणून माफी मागून गेले. गोंधळली नाही ती एकटी लाजवंती. सिंधी बाई, जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचात, आता बी टॉवरच्या सातव्या मजल्यावर. रोज सकाळी फिरून आली की झाडापाशी चप्पल काढायची आणि डोक्यावर ओढणी घ्यायची.

"कुणाकडं?" महिपती म्हणाला.

"इनके पास," तिनं दगडाकडं हात केला. "तुमच्याकडे नाय आली, साईं. तुमच्याकडे काम असेल तेव्हा खुर्चीसमोर उभी राहीन ना."

"हा आमच्या पाड्याचा देव हाय, बाई."

"हां, तो मैं कहाँ लेके जा रही हूँ?"

तिनं दोरीच्या बाहेरूनच हात जोडले आणि गेली. महिपतीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तपासणीत काही सापडलं नाही आणि तरीही माणसाला परत पाठवलं की जसं वाटतं, तसं काहीतरी वाटलं.

त्या दिवशी धुकं उठलंच नाही. दुपारचं जेवण करून महिपती खुर्चीत गाऱ्हाण्याची उजळणी करत होता. वर्षातून एकदाच म्हणायचं, तेव्हा शब्द अडखळू नयेत. "वेशीच्या आत जितक्या चुली पेटतात..." इथं त्याचे डोळे जड झाले, आणि पाठ चौतीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीला टेकली.

रॅम्पवरून घुंगरं आली. पांढरं धोतर, घोंगडी, पायाला ओला चिखल, अंगाला पेंढ्याचा वास. धुक्यात तिन्ही टॉवर भाताच्या रोपांसारखे हलकेच डुलत होते. बाल्कन्यांमधे वाळत घातलेले कपडे, कुणाचा गणवेश, कुणाचा बुरखा, कुणाची नऊवारी, सगळे एकाच वाऱ्यावर एकाच बाजूला झुकत होते. राखणदार समोर उभा राहिला. खुर्ची त्याला नको होती.

"आत किती?" त्यानं विचारलं.

"बत्तीस," महिपती झोपेतच ताठ होऊन म्हणाला.

राखणदारानं मान वर केली. मजल्यामागून मजला, खिडकीमागून खिडकी, आणि प्रत्येक खिडकीतून धुराची बारीक रेघ वर चाललेली. कुठं फोडणी, कुठं चपाती, कुठं नुसतंच दूध उतू गेलेलं. त्या सगळ्या रेघा वर जाऊन एका ढगात मिसळत होत्या आणि ढग हेदाच्या झाडावर टेकला होता.

"आन् या?"

 गेटवर उभं राहून आत किती माणसं आहेत ते सांगता न येणं, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. लाजेनं जाग आली. समोर एक गाडी वाकड्या रॅम्पवर हॉर्न देत होती.

संध्याकाळी त्यानं सदूला गाठलं. "मूठ सगळ्या चुलींची घ्यायची. टॉवरच्या पण."

सदू हसला. मग महिपती हसत नाही हे बघून थांबला. "दादा, डोकं फिरलं काय? तिथं कोण कोण राहतं म्हाइती हाय का? सगळ्या जातीची, सगळ्या धर्माची. आपण आपला धर्म वाचवायला बसलोय."

"तेच करतोय. गाऱ्हाण्यात काय हाय? वेशीच्या आत जितक्या चुली. आपल्या चुली असं कुठं म्हटलंय?"

"त्या टायमाला बाहेरचं कोण होतं का? म्हणून नाय म्हटलंय!"

"सदू, कारखान्यात आगीची घंटा झाली की आत किती ते गेटवाल्यानं सांगायचं असतंय. एकदा सगळे बाहेर आले, मोजणी बरोबर, साहेब म्हणाला चला. मला मात्र आठवलं की ठेकेदाराचा एक माणूस सकाळी नाव न लिहिता घुसला होता. आत गेलो. भट्टीच्या मागं झोपलं होतं बेणं. ओढून आणला. साहेब म्हणाला, अरे, हा आपला नाय. मी म्हणालो, साहेब, आत होता."

सदूनं मोबाईल काढला आणि बघण्यासारखं काही नसताना त्यात बघत राहिला. "तुमचं तुम्ही करा," तो म्हणाला. "पोरं येणार नाहीत."

राखणीला सहा दिवस होते. महिपती पिशवी घेऊन तिन्ही टॉवरच्या फाटकाशी गेला आणि तिथल्या वॉचमननं त्याला अडवलं.

"कुणाकडं?" वॉचमन म्हणाला.

आयुष्यभर विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच समोरून आला की कसा टोचतो, ते महिपतीला कळलं. पण पोशाख नीट होता, शिट्टी दोरीत होती आणि वॉचमन उभा होता, बसलेला नव्हता. महिपतीनं मनातल्या मनात त्याला पास केलं.

"सगळ्यांकडं," तो म्हणाला.

"सगळ्यांकडं अ‍ॅपमधे येत नाय, बाबा. एका फ्लॅटचा नंबर टाकाय लागतो."

वॉचमनचं नाव हरिचंद्र. वांगणीच्या पलीकडं डोंगरातल्या एका वाडीचा. फाटकाशेजारच्या खोलीतच राहायचा. महिपतीनं त्याला राखण समजावून सांगितली. हरिचंद्रनं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि पहिल्या मजल्यापासून एकेका फ्लॅटला इंटरकॉम लावायला सुरुवात केली. "मॅडम, देवाचा माणूस आलाय. मूठभर तांदूळ पायजे. नाय नाय, वर्गणी नाय. तांदूळच."

वर्गणी नाही म्हटल्यावर निम्मी दारं उघडली आणि संशयानं पुन्हा अर्धी लागली. पण लोकांनी तांदूळ दिला. बासमती आला, कोलम आला, केरळातल्या एका बाईंनी जाडा लाल तांदूळ दिला. एका मुलीनं भात सोडला होता. तिनं किन्वा नावाचं काहीतरी मूठभर ओतलं. महिपतीनं ते बोटावर घेऊन तपासलं, वरीचं चुलत भावंड वाटलं, आत सोडलं. चौथ्या मजल्यावरच्या अन्सारींच्या म्हाताऱ्या आईनं तांदूळ देताना पुटपुटत डोळे मिटले. "मी आमचं म्हटलं," ती डोळे उघडून म्हणाली. "चालेल ना?"

"चालंल," महिपती म्हणाला. "मोठ्यानं म्हटलं तरी चालंल."

खरा पेच इंडक्शनचा पडला. अकराव्या मजल्यावरचा एक इंजिनियर म्हणाला, "काका, आमच्याकडे जाळच नाही. चूल पेटत नाही म्हटल्यावर आमची मूठ कशाला?" महिपती जिना उतरेपर्यंत विचार करत राहिला. आणि पुन्हा जिना चढला. लिफ्ट होती, पण विचार लिफ्टमधे नीट होत नाहीत. "जाळ दिसो ना दिसो," त्यानं निकाल दिला. "जिथं रोज शिजतंय आणि जिथलं माणूस रोज जेवतंय, ती चूल. काढा तांदूळ."

सातव्या मजल्यावर लाजवंतीनं दोन्ही हातांची ओंजळ भरून आणली. मूठ एकच घ्यायची असते हे महिपतीनं सांगितलं. तिनं शांतपणे एक मूठ पिशवीत टाकली, उरलेला तांदूळ परत डब्यात. आणि मग त्याला पापड नि पाणी दिलं, दारातच, कारण आत बस म्हटलं असतं तरी हा उभाच राहणार हे तिच्या ध्यानात आलं होतं. पापड खाऊन महिपती खाली आला आणि कुणी न सांगता झाडाची दोरी सोडून टाकली.

सोमवारी संध्याकाळी शेवटचं घर झालं. महिपती फाटकाशी येऊन पिशवी ठेवत होता तेव्हा हरिचंद्र घसा खाकरून म्हणाला, "बाबा, माझी राहिली."

महिपतीनं कपाळाला हात लावला. फाटकाशेजारी एक बर्नर, एक तवा, एक माणूस. तीनशे दारं फिरला आणि हे दार दिसलं नाही. हरिचंद्रनं मूठ टाकली. हात पुसता पुसता तो सहज म्हणाला, "आन् तुमची?"

"माझी तर आधीच..." महिपती थांबला.

महिपतीचं जुनं घर या रॅम्पच्या जागी होतं. घराच्या बदल्यात बिल्डरनं त्याला फ्लॅट दिला होता, पण या टॉवरमधे नाही, नाल्यापलीकडच्या नव्या इमारतीत. तोवर वेशीच्या आतच भाड्यानं राहून गेल्या दिवाळीत तो तिथं राहायला गेला होता. आणि नाला म्हणजे वेस. आजवर राखणदार त्याच्या काठानं फिरत आला होता. महिपतीची चूल त्याच्याही पलीकडं पेटत होती.

तो तिथंच रॅम्पच्या कठड्यावर बसला. खरंच बसला.

वेणूबाई त्याला शोधत आली. थोड्या वेळानं सदूही आला. महिपती म्हणाला, "मी गाऱ्हाणं घालू शकत नाय. ते आतल्या चुलीच्या माणसानं घालायचं असतंय. मी वेशीबाहेरचा."

"दादा, टेन्शन काय घेता?" सदू म्हणाला. "घाला बिनधास्त. कोण बघतंय?"

"ज्याला बघायला ठेवलाय, तो बघतोय."

"मग मी घालतो."

"तू कुठं राहतोस, सदूभावजी?" वेणूबाईनं गोडपणे विचारलं.

सदूचा बंगला स्टेशनच्या पलीकडं, पश्चिमेला. बत्तीस घरांतली किती आता वेशीच्या आत उरली होती हे त्या दिवसापर्यंत कुणी मोजलंच नव्हतं. सदू बोटांवर मोजायला लागला. बोटं संपायच्या आधी माणसं संपली.

 मग वेणूबाई म्हणाली, "अवो, जिथलं माणूस रोज जेवतंय ती चूल, असं तुमीच म्हणत होता ना? मग आतल्या कुणाच्या चुलीवर रोज जेवा. त्या चुलीचे व्हाल. मला बी तेवढीच सुटी."

"कुणाच्या?"

वेणूबाईनं फाटकाकडं बघितलं. हरिचंद्रच्या खोलीत बर्नर पेटलेला होता. तो ऐकत होता, आणि ऐकत नाही असं दाखवायला तवा उगाच उलटसुलट करत होता.

सदू खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, डोंगरातला हाय तो. वाडीवरचा. मोठे लोक असते तर..."

महिपतीला कळलं. हरिचंद्रलाही कळलं. हरिचंद्र दारात आला आणि सदूकडं न बघता महिपतीला म्हणाला, "माझा आजा येत होता तुमच्या राखणीला. वेशीबाहेर बसायचे सगळे. तुमच्याकडनं पानावर भात यायचा." तो जरा थांबला. "गरम असायचा, म्हणायचा. आमच्याकडं भाकर हाय आन् सुकटीची चटणी. तुमाला चालंल का नाय, म्हाइती नाय."

महिपतीला आठवलं. ती पानं वाढायला लहानपणी तोच जायचा. नाल्याच्या या काठावर उभा राहून, हात लांब करून. पलीकडं पाय टाकायचा नाही, असं बापानं बजावलेलं होतं, आणि महिपतीनं कधी कुठला नियम मोडला नव्हता.

तो उठला. खोलीच्या दाराशी त्यानं चपला काढल्या. आत दोन माणसं मावतील एवढीच जागा होती, त्यामुळं उभं राहायची सोय नव्हती. तो मांडी घालून बसला.

"तिखट हाय," हरिचंद्र म्हणाला.

"असू दे," महिपती म्हणाला, आणि पहिला घास घेतल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुकटीचं होतं की कशाचं, ते तपासायला त्या वेळी कुणी गेटवर नव्हतं.

मंगळवारी धुकं इतकं दाट होतं की तिन्ही टॉवर पहिल्या मजल्यावरच संपत होते. वर कुणीतरी राहतं हे फक्त आवाजांवरून कळत होतं. माणसं धुक्यातून एकेक करून झाडाशी येत होती, कोण पायजम्यात, कोण कामावर जायच्या कपड्यांत. किन्वावाली मुलगी आली, लाजवंती आली, अन्सारींची आई नातवाचा हात धरून आली. पाड्याची जुनी माणसं आली आणि एका बाजूला उभी राहिली. सदू आला. त्यानं बॅनर आणला नव्हता.

महिपती दगडापुढं उभा राहिला. "बा राखणदारा," तो म्हणाला, "मी हरिचंद्रच्या चुलीचा महिपती, गावाच्या वतीनं उभा हाय."

जुन्या माणसांत कुजबूज झाली. कुणीतरी "काय म्हणाला?" असं विचारलं आणि वेणूबाईनं मोठ्यानं सांगितलं, "बरोबर म्हणाले." हरिचंद्र फाटकावर ड्यूटीला होता. त्यानं टोपी काढली, मग काय करावं न सुचून पुन्हा घातली.

महिपतीचा आवाज पुढं अडखळला नाही. एक कमी असंल तर मला धर, पुरी असंल तर गाव धर.

भात मात्र बिघडला. बासमतीचा गिचका झाला, लाल तांदूळ कच्चाच राहिला, आणि किन्वा सगळ्यांच्या दातात अडकला. केरळच्या बाईंनी सांगितलं की लाल तांदूळ आधी भिजवायला हवा होता. पाड्यातली एक म्हातारी म्हणाली की कोलमात पाणी कमी पडलं. लाजवंती म्हणाली की दोघी बरोबर आहेत, पण पुढच्या वर्षी टोप तिच्याकडं द्यावा. खाल्ला सगळ्यांनी. सदूनं दोनदा घेतला.

महिपती राखण झाल्यावरही रोज दुपारी एक वाजता नाला ओलांडून हरिचंद्रच्या खोलीत जेवायला जातो. निदान एक भाकर. रोज म्हणजे रोज, असं त्यानंच ठरवलेलं आहे. त्या वेळात हरिचंद्र निवांत बसून जेवतो, कारण फाटकाकडं बघायला माणूस असतो. वेणूबाई आठवड्याचं पीठ पोचतं करते आणि कधी कधी स्वतःही येऊन बसते. तेव्हा तिघं त्या दोन माणसांच्या जागेत मावतात. कसं, ते विचारू नये. बाहेर ऊन पडलेलं असतं, दूर चंदेरी निळा दिसत असतो, आणि इंटरकॉम वाजला की दोघं जुने गेटवाले एकाच वेळी मान वर करून विचारतात, आता कोण आलं?